छापून आलेले कान

चंद्राचा निबंध छापून आला तो गणपतीत, पण भिंतीवर चढला तो दिवाळीनंतर, कारण मधल्या काळात चांगदेव तात्यांना एकही फ्रेम पसंत पडली नाही. शेवटी त्यांनी भिवंडीच्या बाजारातून सोनेरी नक्षीची फ्रेम आणली, देवांच्या तसबिरींना असते तशी, आणि रविवारी सकाळी स्टुलावर चढून स्वतः खिळा ठोकला. निबंध चार पानांचा, फ्रेम एका पानाची. तात्यांनी पहिलं पान निवडलं, कारण त्यावर नाव होतं: कुमारी चंद्रा हिरामण केणी. त्याखाली तिच्या मेडिकल कॉलेजातल्या सरांचं. मतदार यादी सोडली तर केण्यांच्या घराण्यातलं छापलेलं हे पहिलंच नाव होतं, आणि मतदार यादी कुणी फ्रेम करून लावत नाही.

फ्रेम टांगून झाल्यावर त्यांनी तिला झेंडूचा हार घातला. त्यांची थोरली बहीण आक्का ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. नवरा गेल्यापासून ती माहेरीच राहत होती आणि घरात शेवटचा शब्द तिचा असे, निदान तिला तसं वाटे. तिने फ्रेमकडे पाहिलं, मग हाराकडे पाहिलं.

"चांगा, हार काढ," ती म्हणाली. "जित्या पोरीच्या नावाला कोन हार घालतंय?"

तात्यांनी थोडा विचार केला, हार काढला आणि शेजारच्या गणपतीला घातला. गणपतीला तो लांब झाला, पण गणपती काही बोलला नाही.

निबंधाचा विषय होता यंत्रमागावर काम करणाऱ्यांचे कान. शेलार गावात केण्यांच्या घरामागेच तात्यांची यंत्रमागांची शेड होती, आणि आसपासची घरं तिच्या खडखडाटात झोपत आणि त्यातच उठत. शहरातले बहुतेक माग शुक्रवारी थांबत. तात्यांच्या शेडला मात्र रविवारची सुट्टी, कारण रविवारी त्यांना मासळीबाजारात स्वतः जायचं असे. चंद्रा त्यांच्या धाकट्या भावाची, हिरामणची मुलगी. मुंबईला डॉक्टरकी शिकत होती. तिच्या सरांनी एकदा वर्गात सांगितलं की नुसती पुस्तकं पाठ करून डॉक्टर होत नाही, विद्यार्थी असतानाच काहीतरी शोधून काढावं आणि ते छापावं. वर्गाने माना डोलावल्या आणि पुस्तकं पाठ करायला घेतली. चंद्रा तेवढी सुट्टीत घरी आली आणि तिने तात्यांकडे शेड मागितली.

कॉलेजात कान तपासायचं यंत्र एकच होतं आणि त्याला विद्यार्थ्यांचा हात लागू देत नसत. तेव्हा चंद्राने जुनी रीत वापरली. माणसाला हातभर अंतरावर बसवायचं, हलक्या आवाजात साधे शब्द म्हणायचे आणि त्याने ते परत म्हणून दाखवायचे. सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, तिने शेडमधले सगळे मागवाले तपासले. मग तुलनेसाठी गावातले शेतकरी तपासले. मागवाल्यांना जवळजवळ सगळे शब्द आले. शेतकरी बरेच अडखळले. सर आधी चकित झाले आणि मग खूश झाले, कारण परदेशातल्या सगळ्या निबंधांत याच्या बरोबर उलट लिहिलेलं होतं. नव्या वर्षात ते हाच निबंध दिल्लीला परिषदेत वाचून दाखवणार होते, चंद्राला सोबत नेऊन.

तात्या स्वतः माग चालवता चालवता मालक झालेले, म्हणून त्यांचेही कान त्या निबंधात होते. ही गोष्ट त्यांना दिल्लीपेक्षा मोठी वाटत होती. त्याआधी काही वर्षं त्यांना एक भीती होती आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. रेडिओ नीट लागेनासा झाला होता. कीर्तनकार पूर्वीसारखे राहिले नव्हते. माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. मग पुतणीने समोर बसून शब्द विचारले, तात्यांनी एकूण एक बरोबर सांगितले, आणि ते इंग्रजीत छापून आलं. त्या दिवसापासून ते सुखाने जेवू लागले. दोष रेडिओचा होता.

आणि उद्या, सोमवारी, ही फ्रेम भिंतीवरून उतरून त्यांच्यासोबत लेबर ऑफिसरकडे जाणार होती. नामा नावाचा अंबाडीकडचा एक मागवाला पहिला माग बसला तेव्हापासून तात्यांकडे होता. श्रावणात त्याच्या मागाचा आवाज बदलला, शेजारचे ओरडले, नामाला पत्ता नाही; कापडाचा अख्खा तागा फाटून निघाला. तात्यांनी त्याला काढून टाकला. नामाने तक्रार केली की मागानेच माझे कान नेले, मला सुताच्या कांड्या भरायला बसवा, झाडू मारायला ठेवा, पण काढू नका. तात्यांचं उत्तर सोपं होतं. नामाचेही कान तपासले होते, त्यालाही सगळे शब्द आले होते, आणि ते छापून आलं होतं. बहिरा असल्याचं सोंग करणाऱ्याला ते शेडमध्ये परत घेणार नव्हते.

*

स्वयंपाकघरात सीताबाई मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. ती तात्यांची बायको. तिच्या पलीकडे चंद्राची आई कमळा पाठमोरी बसून खाडीतली मासळी, निवट्या, साफ करत होती. मिरच्यांचा तिखट धूर असा उठला होता की चंद्राने नाकातोंडावर पदर घट्ट बांधून घेतला होता आणि डोळे मिटून ती वाटण करत होती. तेवढ्यात तात्या मागच्या दारात आले. उद्या तिनेही सोबत यावं, साहेबाला इंग्रजीत काही विचारायचं असलं तर बरं पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

चंद्रा म्हणाली, येते, किती वाजता निघायचं?

तात्या तिच्याकडे बघत राहिले. "येशील का न्हाय?"

येते म्हटलं ना, चंद्रा जरा मोठ्याने म्हणाली.

"आगो, कायतरी बोल ना."

कमळाने मान न वळवता मोठ्या दिरांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की ती येणार आहे. तात्या तरी उभेच. शेवटी चंद्राने पदर खाली ओढला आणि साध्या आवाजात, मघापेक्षाही हळू, म्हटलं, "येते, तात्या."

"मंग मघाशी काय मुकी झाली होतीस?" तात्या म्हणाले आणि समाधानाने निघून गेले.

चंद्राचा वाटणारा हात थांबला.  मग ती उठली, पदर पुन्हा तोंडावर घेतला आणि अंगणात गेली. तात्या विहिरीपाशी खाटेवर बसून सुपारी कातरत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि पदराआडून स्पष्ट म्हणाली, "तात्या, शेडला आग लागलीय."

तात्यांनी वर पाहिलं. "तोंड बांधून काय फिरतेस? मिरच्या झाल्या ना?"

ओटीवरून आक्का उठली. तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, न्हाणीतली बादली उचलली आणि काही न बोलता शेडच्या दिशेने चालू लागली. तिच्या वयाच्या मानाने ती बरीच वेगात होती. चंद्राने धावत जाऊन तिला अडवलं, आग नाही म्हणून सांगितलं, आणि आक्काने बादलीतलं पाणी तिथल्याच शेवग्याला घालून टाकलं. कारण नसताना आग म्हणणाऱ्या मुलीशी काय बोलायचं ते घरात जाऊन बोलू, असं ती म्हणाली.

चुलीपाशी परत येईपर्यंत चंद्राला सगळं कळून चुकलं होतं. तपासणीच्या वेळी तिने प्रत्येकाला आडवं बसायला सांगितलं होतं, कान तिच्याकडे, तोंड भिंतीकडे. पुस्तकात तसंच होतं. मागवाले आडवे बसलेही होते, आणि मग तिच्या प्रत्येक शब्दाला मान वळवून तिच्याकडे बघत होते. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. या घरात ऐकणारा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतोच. जो बघत नाही तो ऐकत नाही, असंच ती लहानपणापासून समजत आली होती. शेडमध्ये शेजारच्याचा आवाज शेजारच्याला येत नाही, तिथे सगळे ओठांवरून ओळखतात, आणि बोलणाराही ओठ मोठे करून बोलतो. तीही तशीच बोलायची. होस्टेलवरच्या मुली तिला चिडवायच्या की तू खाडीपलीकडच्याला हाक मारल्यासारखं तोंड करतेस. दुसऱ्या कुठल्याही मुलीने ही तपासणी केली असती तर ती एवढी चुकली नसती. शेतकरी अडखळले कारण त्यांनी बिचाऱ्यांनी नुसत्या कानांनी ऐकलं.

तिने हे सगळं सीताबाईला सांगितलं. सीताबाईने मिरच्या उलथल्या.

"मना वाटलं, तुला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तू डाक्टर."

"काकी, तुला माहीत होतं?"

"मी त्यांच्या म्होरं जाऊनच बोलतंय. कवापासून, ते आता याद न्हाय." मग थोडं थांबून, परातीत मिरच्या ओतता ओतता, तिने सांगितलं, "दिवा मालवला का ते बोलत न्हाईत. कायपन विचार. पयले लई बोलायचे. मी म्हनलं, वय झालं, सोभाव बदलला."

चंद्राला रडू आलं. तिला काकीचं वाईट वाटलं, तात्यांचं वाटलं, आणि नामाचं तर सगळ्यांत जास्त वाटलं, कारण त्या माणसाच्या पोटावर पाय देणारा कागद तिने स्वतः लिहिला होता. घरात सगळ्यांच्याच डोळ्यांना मिरच्यांमुळे पाणी होतं, त्यामुळे तिला कुणी काही विचारलं नाही.

*

हिरामणला भिवंडीहून आल्या आल्या स्वयंपाकघरात बोलावलं गेलं, तेव्हाच त्याने ओळखलं की आपल्याला कुठली तरी बाजू घ्यावी लागणार. तो तात्यांच्या सुताच्या दुकानात गल्ल्यावर बसे. लहानपणी छातीचा अशक्त म्हणून त्याला मागावर कधी घातलं नाही, आणि त्याच कारणाने कुठल्याच गोष्टीवर कधी घातलं नाही. बाजू घ्यायची वेळ आली की तो आधी पाणी पीत असे. तसा तो प्याला.

चंद्राने सगळं पुन्हा सांगितलं. आजच मासिकाला पत्र लिहिते, सरांनाही लिहिते, की तपासणी चुकली आहे, निष्कर्ष मागे घेते. दिल्ली राहिली. सर रागावतील, कदाचित तोंडही बघणार नाहीत. आणि तात्यांनी उद्या तो कागद साहेबाला दाखवता कामा नये.

आक्काने ताबडतोब नको म्हटलं. तिची कारणं तिने क्रमाने सांगितली. एक तर केण्यांचं नाव एकदाच छापून आलंय, ते चुकलं म्हणून परत छापायचं ही कुठली रीत. दुसरं, चांगाने या पोरीला शिकवली, सगळ्या भावकीच्या विरोधात जाऊन शिकवली, आणि तिनेच त्याला गावात बहिरा ठरवायचा. तिसरं कारण तिला आठवेना, पण ते सगळ्यात मोठं होतं. कमळाने नणंदेकडे पाहून मान हलवली. सासरी आल्यापासून आक्काच्या बोलण्यावर मान हलवायची तिला सवय होती.

"पयलं सोमवार जाऊ दे," आक्काने वाट काढली. "मंगळवारी लिव. मंगळवारी कोन न्हाय म्हनतंय?"

"मंगळवारी लिहून काय उपयोग, आक्का? सोमवारी नामाचा निकाल लागेल."

आक्का म्हणाली की नामाचं नामा बघेल. आणि इथे कमळाची मान हलायची थांबली. नामाची बायको तिच्यासोबत दर बुधवारी बाजारात बसायची, एक भाजीची टोपली घेऊन. गेले दोन महिने ती नवऱ्यालाही सोबत आणत होती, आणि गिऱ्हाईक काय मागतंय ते ती त्याला ओरडून सांगत होती आणि तो तिच्याकडे बघून वजन करत होता. कमळाने हे घरात आजवर सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर नामा बाजारातही सोंग करतो असं तात्या म्हणाले असते.

"सोंग करणारा माणूस बायकोसमोर कशाला करील?" कमळा म्हणाली. "चंद्राला लिहू दे."

आक्काने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने भर पंगतीत मीठ सांडलं होतं. मग सगळ्यांनी हिरामणकडे पाहिलं.

हिरामणच्या डोक्यात त्या वेळी नामा नव्हता. त्याच्या डोक्यात दुकानापासून घरापर्यंतची वाट होती. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की तात्या पुढे आणि तो मागे, अशी चाल असे, आणि मागून चालताना हिरामण मनातलं सगळं बोलून टाकी. दुकान माझ्या नावावर व्हायला हवं होतं. कमळाला तू कधी माहेरी राहू दिलं नाहीस. तुझ्यासारखा हेकट माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल. तात्यांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, कधी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. दादा मोठ्या मनाचा आहे, सगळं ऐकून घेतो आणि पोटात घालतो, असं हिरामणला वाटत आलं होतं. या मोठेपणापायी तो भावाला देवासारखा मानायचा. आता ते सगळं बोलणं नव्याने करावं लागेल, की देवानेच वाचवलं म्हणून गप्प बसावं, हे त्याला ठरवता येईना.

"दादाला दुखवू नये," तो म्हणाला. मग चंद्राचा चेहरा बघून पुढे म्हणाला, "पण खोटंही छापू नये." एवढं बोलून तो पुन्हा पाणी प्याला. आक्काने त्याचं मत आपल्या बाजूला धरलं आणि चंद्राने आपल्या, आणि दोघींचंही बरोबर होतं.

राहिली सीताबाई. तिला कुणी विचारलं नाही. तिने एवढंच सांगितलं की पोरीला करायचं ते करू द्या, त्यांना काय सांगायचं ते मी म्होरं जाऊन सांगेन. थोरल्या सुनेने नणंदेच्या विरुद्ध बोलायची ही पहिलीच वेळ असल्याने आक्काला नेमकं काय झालं ते कळायला जरा उशीर लागला.

*

खिडकीपलीकडे, विहिरीपाशी, चांगदेव तात्या सुपारी कातरत बसले होते. खिडकीचे गज पातळ होते आणि ऊन स्वयंपाकघरात थेट पडलेलं होतं. दुपारच्या जेवणाला एवढा वेळ का लागतोय म्हणून त्यांनी सहज तिकडे पाहिलं होतं, आणि मग त्यांनी नजर काढली नाही. आत सगळे कुजबुजत होते. तात्यांना शब्दन् शब्द कळत होता. कमळा पाठमोरी होती तेवढं तिचं निसटलं, पण आक्काच्या तोंडावरून ती काय म्हणाली असेल ते समजत होतं.

त्यांना राग आला. मग आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि त्यांना इतकं बरं वाटलं की राग मागे पडला. त्यांनी अडकित्ता मिटला, उठले आणि आत आले.

"पत्र लिव्हनार तू," ते चंद्राला म्हणाले. "मासिकाला आनि सरांना. दिल्ली गेली तरी चालंल. आक्का बोलली, मंगळवारी लिव. हिरामण बोलला, दुखवू नये आनि खोटंपन छापू नये. बरोबर का?"

 हिरामणने भांडं खाली ठेवलं.

"मी तिकडं इहिरीवर. तुमी हितं कुजबुजताव. मना सगलं आयकू आलं." तात्यांनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "आता सांगा, बहिरा कोन?"

आक्काने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि म्हणाली, बघा, बघा, त्याला येतंय ऐकू. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खरोखरच आनंद झाला होता, आणि क्षणभर तो आनंद सगळ्यांनाच झाला, चंद्रालासुद्धा. तात्या समोर उभे होते, हसत होते, आणि या घरात तात्या हसलेले कुणाला नको होते? हिरामणला तेवढी धास्ती वाटली, वाटेवरच्या बोलण्यामुळे.

चंद्रा म्हणाली, तात्या, तुम्ही ऐकलं नाहीत, तुम्ही बघितलंत. तिने त्यांना समजावून सांगितलं, ओठ कसे ओळखतात, शेडमध्ये सगळेच कसे ओळखतात, नामाही कसा ओळखत होता. ती सांगत होती आणि तात्या तिच्या तोंडाकडे बघून मान डोलावत होते. तिचं संपल्यावर ते म्हणाले की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नको तर काय खांबाकडे बघू? माणूस तसाच ऐकतो. त्यांचा बापही तसाच ऐकायचा. आणि वीस हातांवरची कुजबुज ज्याला कळते त्याला बहिरा म्हणायचं असेल तर त्या कॉलेजात शिकवतात तरी काय?

चंद्राने काकीकडे पाहिलं. 

"भिंतीकडं तोंड करून बसा," सीताबाई म्हणाली.

तात्यांनी बायकोकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिने त्यांना कधी काही करायला सांगितलं नव्हतं. विचारलं होतं, सुचवलं होतं, पण सांगितलं नव्हतं.

"भिंतीकडं बसा आनि तिला पाठीमागून बोलू द्या. आयकू आलं तं आलं."

आक्का म्हणाली, जेवणाच्या वेळी हे काय खूळ. पण तात्यांना ती कल्पना आवडली. माग बसवताना, जमीन घेताना, पुतणीला मुंबईला धाडताना त्यांना असंच वाटलं होतं, की एकदा सरळ करून दाखवलं म्हणजे लोकांची तोंडं बंद होतात. त्यांनी पाट मागवला. मग सगळ्यांच्या समक्ष त्यांनी अट घातली. शब्द आले तर चंद्राने कुणालाही पत्र लिहायचं नाही, आणि उद्या फ्रेम घेऊन त्यांच्यासोबत साहेबापुढे उभं राहायचं. नाही आले तर तिने खुशाल लिहावं. उद्या साहेबासमोर ते स्वतः सांगतील की कागद चुकीचा आहे, आणि नामाला परवापासून कांड्या भरायला बसवतील.

"कबूल?" त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी चंद्राच्या तोंडाकडे पाहिलं.

"कबूल," चंद्रा म्हणाली.

तात्या पाटावर बसले, भिंतीकडे तोंड करून. पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले, फोटो काढायला बसतात तसे. टोपी नीट केली. मानेवर, कानांच्या मागे, त्यांचे केस पांढरे झाले होते. चंद्राने त्यांना मागून असं कधी निवांत पाहिलं नव्हतं; या घरात त्यांच्या मागे उभं राहायची वेळच कुणावर येत नसे. तिला वाटलं की तात्यांना शब्द यावेत. कागद चुकीचा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, नामाचं काय होणार हेही ठाऊक होतं, तरी तिला वाटलं की यावेत.

ती हातभर अंतरावर उभी राहिली. तपासणीत आवाज हलका ठेवतात. तिने नेहमीचा ठेवला.

"मीठ," ती म्हणाली. "होडी. दोरा. भात. पाऊस. आंबा."

चुलीवरचं कालवण खदखदत होतं. आक्का दाराशी उभी होती आणि प्रत्येक शब्दाला तिचे ओठ हलत होते, जणू भावाच्या वतीने ती उत्तर देत होती. कमळाने हातातली पळी खाली ठेवली.

चंद्राने सगळे शब्द पुन्हा म्हटले, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. अंगणापलीकडून शेजारची राहीबाई कुंपणाशी आली आणि काय झालं म्हणून बघू लागली. हिरामणचा हात भावाच्या खांद्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. सीताबाई जागची हलली नाही.

"तात्या," चंद्रा म्हणाली. हा शब्द यादीत नव्हता.

तात्या ताठ बसून होते, भिंतीकडे बघत, शाळेतल्या हुशार पोरासारखे तयार.

"बसलो, चंद्रा," ते भिंतीला म्हणाले. "घे, सुरू कर. भात निवतंय."